पाच पाकिटं, एक नंबर

नवापूर, ता. पालघर
१४ जून २०२५

प्रफुल्लभावजी यांस,

तुम्ही मला मोबाइलवर ब्लॉक केलंत, बरं केलंत. माझा आवाजी निरोप तुमच्या वापीच्या ऑफिसात मोठ्याने वाजला आणि तुमचे भागीदार दर्पणशेठ चहा सांडून बसले, असं कानावर आलं. म्हणून आता पोस्टाने लिहिते. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

तुमच्या वकिलांची नोटीस पोचली. इंग्रजीत आहे, म्हणून आधी घर घाबरलं. मी अर्थ सांगितल्यावर घाबरायचं थांबलं आणि चिडायला लागलं. आईंच्या नावाच्या आमच्या 'रखमाबाई' चटणीच्या पाकिटावर जो बारकोड आहे, त्याचा नंबर तुमच्या कंपनीच्या नावावर आहे. सबब एक ऑगस्टपासून नवापूरच्या बायकांनी तो वापरायचा नाही. वापरायचा असेल तर चटणी सुटी, पोत्यात भरून वापीला पाठवायची. तिथे मशीन ती तुमच्या पाकिटात भरेल आणि पालघरच्या 'अन्नदीप बाजार' या मोठ्या दुकानात आमच्या जागी तुमचं पाकीट उभं राहील.

म्हणजे कुटायची आम्ही, फोटो तुमच्या आईचा आणि रेघा तुमच्या. वाटणी चांगली आहे. कोळंबी सोलून गाभा स्वतः ठेवायचा आणि सालं शेजारणीला 'घे गो, तुला' म्हणून द्यायची, तशी.

नोटिशीत आम्हा अकराजणींना 'असंघटित स्थानिक कामगार' म्हटलंय. आईंनी विचारलं, "असंघटित म्हंजे काय गो?"

मी म्हटलं, "म्हणजे आपण सारख्या एकमेकींशी भांडतो."

"ते त्याला वापीला बसून कसं कलालं?"

तुमचे दादा तारापूरच्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आले, नोटीस उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "भावाभावांत मी नाय पडत." मी म्हटलं, अहो, भाऊ तुम्हीच दोघं. तुम्ही नाही पडायचं तर काय पोस्टमनने पडायचं? तर ते आंघोळीला गेले. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस प्रत्येक मोठ्या प्रश्नाच्या वेळी स्वच्छ होऊन आलाय.

एक गोष्ट मी नाकारत नाही. नंबर तुम्हीच आणलात. तीन वर्षांपूर्वी चटणी कुटायची शेड उभी राहिली तेव्हा स्टिकरचं ते पहिलं भेंडोळं घेऊन तुम्हीच आलात. तुम्ही नारळ फोडलात आणि आम्हाला भाषण दिलंत की याच्याशिवाय मोठ्या दुकानाच्या दारात कुणी उभं करत नाही. खरं होतं ते. आईंनी काळ्या रेघा बघून समाधानाने मान हलवली होती, "बरं झालं, मालाला दृष्ट नाय लागायची." मग आठ महिन्यांत तुम्ही वापीला गेलात. आईंना सांगून गेला नाहीत. त्या दोन दिवस तुमचं ताट वाढत होत्या. हे तुमच्या वकिलाला ठाऊक नसेल, म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. त्या रॅकवरून आमचा माल गेला तर अकरा घरच्या बायकांना परत टोपल्या घेऊन बोईसरच्या बाजारात बसावं लागेल. त्याची लाज नाही, आमच्या आयांनी जन्मभर तेच केलं. पण एकदा उभं राहिल्यावर तुम्ही 'बस' म्हणालात म्हणून कुणी बसणार नाही. पोत्यात भरलेली चटणी वापीला येणार नाही. नोटिशीचं उत्तर हेच समजावं. माझ्याकडे वकील नाही, तिकीट आहे.

नात्याने, 
सुलूवहिनी

&nbsp;

नवापूर
२४ जून

प्रफुल्लभावजी,

काल बोईसरला जाऊन आले. तुमचा दावा खोटा असावा अशी फार इच्छा होती. तो खरा निघाला, हे कळवते. तुमच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

तारापूर रस्त्यावर हेतल म्हणून एक मुलगी लेबलं छापते. औषधाच्या बाटल्यांपासून लोणच्याच्या बरण्यांपर्यंत सगळं. तिच्यासमोर आपलं पाकीट ठेवलं. तिने उलटं केलं, नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं.

"सुलूबेन, ये तो वापीवाली कंपनी का नाम आ रहा है. आपका किधर है?"

"आमचं चटणीत आहे," मी म्हटलं.

तिने समजावून सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक असणार, पण मला नव्याने कळलं म्हणून लिहिते. रेघा म्हणजे काही जादू नाही. खाली जे तेरा आकडे असतात तेच रेघांत लिहिलेले असतात, मशीनला वाचता यावेत म्हणून. चित्र कुणीही काढून देईल, हेतल दोन मिनिटांत देते. किंमत चित्राला नाही, नंबराला आहे. आकड्यांचा सुरुवातीचा भाग कंपनीचा, मधला त्या एका वस्तूचा. तो नंबर नोंदवून घ्यावा लागतो आणि ज्याच्या नावावर नोंद, त्याचा तो माल, असं सगळ्या जगातली दुकानं मानतात. चटणी कुणी कुटली हे विचारायची जागाच त्यात नाही.

मी म्हटलं, "मग शेवटचा आकडा पेनाने बदलून टाकू. तीनचा आठ सहज होतो."

ती इतकी हसली की मागचा छपाईवाला बाहेर आला. शेवटचा आकडा म्हणे आधीच्या बाराजणांच्या हिशेबावरून निघतो. त्यांच्यातला एक जरी इकडचा तिकडे झाला, किंवा त्याच्यावरच कुणी पेन चालवलं, तर मशीन अख्खा नंबर नाकारतं. म्हणजे दारात बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी सासू. हे घरी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग शेवटला कशाला बसवली? पुढं बसवायची."

इंटरनेटवर स्वस्तात वापरलेले नंबर मिळतात, तेही हेतलने सांगितलं. बेटेगावच्या एका पापडवाल्याने तसा एक घेतला. पापड दुकानात गेले आणि काउंटरच्या पडद्यावर नाव आलं, फरशी पुसायचं औषध, लिंबाच्या वासाचं. गिऱ्हाईक म्हणालं, मी तरी म्हटलं काल पोटात इतकं साफ कसं झालं.

तर भावजी, तुमचा नंबर तुम्हाला लखलाभ. मी तो मागायला येणार नाही आणि चोरून वापरणार नाही. आम्ही आमचा काढतोय. बायकांच्या गटाच्या नावाने अर्ज गेला. पॅन आहे, बँकेचं खातं आहे, खाद्यपदार्थांचा परवाना तुम्ही होतात तेव्हाचाच आहे. त्यावर तुमचं नाव घालायचं तुम्ही तेव्हा विसरलात, त्याबद्दल आभार.

अर्ज भरताना हेतलने विचारलं, "कंपनी का मालिक कौन लिखूँ?" माझ्यासोबत आलेल्या दोघीजणी एकदम बोलल्या आणि दोघींनी वेगवेगळं नाव घेतलं. दोघींनीही स्वतःचं. बघा, असंघटित.

सुलू

&nbsp;

नवापूर
६ जुलै

भावजी,

हे पत्र लिहू नको म्हणून शेडवरच्या बायकांनी मला दोन दिवस छळलं. तरी लिहितेय. नीट वाचा, टोमणे वगळून वाचलंत तरी चालेल.

परवा अन्नदीपमध्ये गेले होते, नव्या नंबराच्या मालाला जागा मिळेल का विचारायला. तिथला माल बघणारा ज्ञानेश, परभणीचा पोरगा. तुमच्या वेळी नव्हता. मला बघताच म्हणाला, "काकू, एक इचारू का, रागवू नका. तुमी त्या बोंबलाच्या चटणीत अफू घालता का?"

"का रे?"

"आख्ख्या दुकानात साखरेच्या खालोखाल तीच खपायलीय. एवढे बोंबील खातंय कोण? मला तर वासानं गरगरतंय."

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. बोंबलाची चटणी डोंगरासारखी. जवळ्याची चटणी, शून्य. सुकी मांदेली, शून्य. मसाला, कोळंबीचं लोणचं, त्यांचं तर नावच नाही. मी रॅककडे बघितलं. बोंबलाच्या पाकिटांवर धूळ होती आणि जवळ्याची फळी एक पाकीट सोडून मोकळी.

मी राहिलेलं एक जवळ्याचं पाकीट उचललं. "हे लाव." त्याने मशीनखाली धरलं. पडद्यावर आलं, बोंबील चटणी. मांदेली लावली. बोंबील चटणी. मसाला लावला, लोणचं लावलं. बोंबील, बोंबील. ज्ञानेशने पडदा झटकन परत स्वतःकडे वळवला.

"काकू, हे साहेबांना सांगू नका हां. मी नुसतं फोनवर म्हणायचो बोंबील संपत आली, माल पाठवा."

आणि त्याच्या फोनवर शेडमधून आई जे तयार असेल ते खोक्यात भरून द्यायच्या. सगळ्या पाकिटांची किंमत आपण सारखीच ठेवलेली, म्हणून काउंटरवर कुणाला कधी वेगळं काही दिसलं नाही.

घरी येऊन आईंना विचारलं, सगळ्यावर एकच स्टिकर का लावलं? त्या मला वेडी समजल्या. "होडीला नंबर किती असतात? एक. मंग जाल्यात पापलेट आलं काय नि ढोमी आली काय. बंदरावर कोन माशाला नंबर लावतंय? माल आपल्या शेडचा, नंबर शेडचा."

सांगा बरं, यात काय चुकलं. तुम्ही बोंबलाच्या एका चटणीपुरता नंबर काढलात, स्टिकरचं भेंडोळं टाकलंत आणि गेलात. पाठोपाठ जवळा आला, मांदेली आली, आणि बायकांनी होडीच्या हिशेबाने सगळ्यांना तोच नंबर लावला. मीही शेजारी बसून लावले. मासेमाराच्या घरात होडीवर रंगवलेला नंबर म्हणजे सगळ्या घराची ओळख. तुमच्याही लहानपणी ती तशीच होती. तुम्ही जरी एकदा शेडवर आला असतात तरी पाच तऱ्हेची पाकिटं बघून तुमच्या लक्षात आलं असतं. पण तुमच्याकडे दुकानाचा विक्रीचा अहवाल ईमेलने येतो. तो वाचायला शेडवर यावं लागत नाही.

आता कान देऊन ऐका. आईंना माझ्या जावेचा, तुमच्या सपनाचा, फोन आला होता. दर्पणशेठनी मोठं मशीन घेतलंय, फक्त बोंबलाच्या चटणीसाठी, आणि बोंबलाची मोठी खरेदी ठरतेय. ती सगळी त्या अहवालाच्या जोरावर आहे ना? तो अहवाल पाच मालांचा आहे, भावजी. बोंबील त्यातला सगळ्यात कमी. लोक आपल्याकडून जवळा नेतात. बोंबील फक्त आमच्यासारखे नेतात, आणि आमच्याकडे तो घरचाच असतो.

मशीन थांबवता आलं तर थांबवा.

हे मी तुमच्या प्रेमाने सांगत नाही. तुम्हाला हे सांगितलं म्हणजे खरी चालणारी वस्तू कोणती तेही सांगितलं, आणि आमचे नवे नंबर अजून यायचेत. उद्या तुम्ही वापीत जवळा कुटायला घेतलात तर शेडवरच्या बायका मला उन्हात वाळत घालतील. त्यातली एक म्हणालीच, "सुलू, तुझी मती फिरली काय? बुडतोय तर बुडू दे की त्याला." मी म्हटलं, मला त्याला हरवायचंय. आपण स्टिकर चुकीचं लावलं म्हणून तो पडला तर ते काय हरवणं? त्यावर सगळ्या उठल्या, पटलं म्हणून नव्हे. त्यांना जेवायला जायचं होतं.

उत्तर दादांच्या फोनवर द्या. मला ब्लॉकच ठेवा, हरकत नाही.

सुलूवहिनी

&nbsp;

नवापूर
२२ जुलै

भावजी,

सहा तारखेचं पत्र परत आलं. वर लाल शाईत शेरा, 'घेण्यास नकार'. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं तेव्हा तोच ओशाळला होता.

पण आईंचा पार्सलचा डबा नाकारायची हिंमत तुम्हाला अजून झालेली नाही. म्हणून दादांच्या कारखान्यातल्या वापीच्या माणसाकडे आईंनी तुमच्यासाठी जो जवळा दिला, त्याच्या तळाशी मी ते बंद पाकीट ठेवलं. तुम्ही वाचलंत. वाचलंत हे मला कळलं, कारण दादांना तुमचा मेसेज आला, "वहिनीला सांग, गोष्टी रचून मला घाबरवू नको. आकडे खोटं बोलत नाहीत."

नाही बोलत. कुणी काही विचारलंच नाही तर ते बोलतच नाहीत. असो. माझ्याकडून सांगून झालं. यापुढे त्या मशीनबद्दल मी जिवाला लावून घेणार नाही, असं मी ठरवलंय आणि ते बरंचसं जमतंय.

आमचे नंबर आले. पाच मालांचे पाच. आले त्या दिवशी शेडवर युद्ध झालं. आईंना पाच नको होते. "पाच नंबर म्हंजे पाच होड्या. आपल्याला एक ठेवायला जड जातेय."

मी म्हटलं, "आई, दुकानातलं मशीन माल बघत नाही, फक्त नंबर बघतं. तुम्ही जवळ्याला बोंबील म्हणालात की ते बोंबीलच म्हणणार."

"आंधला हाय?"

"आंधळं आहे."

"मंग आधीच सांगायचं की. आंधल्याला हातात धरून द्यावं लागतं." आणि लगेच त्यांनी प्रत्येक मालाच्या स्टिकरचं वेगळं भेंडोळं करून वेगवेगळ्या बाईला नेमलं. जवळ्याच्या बाईने मांदेलीच्या भेंडोळ्याला हात लावायचा नाही. एवढी शिस्त तुमच्या कंपनीत आहे का, विचारा दर्पणशेठना.

तरीही पहिली खेप वाया गेली. आम्ही हौसेने रेघा पारदर्शक पाकिटावर थेट छापून घेतल्या, मागे तांबूस जवळा दिसत होता, फार देखणं दिसलं. हेतलने मशीन लावलं, आवाज नाही. परत लावलं, नाही. काळ्या रेघेच्या मागे जवळा म्हटल्यावर मशीनला रेघ कुठे संपते नि जवळा कुठे सुरू होतो तेच कळेना. "बेन, नीचे सफेद चाहिए, और दोनों बाजू थोडी खाली जगह. सांस लेने को," ती म्हणाली. मग पांढरं स्टिकर, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. आमच्यातल्या एकीने त्या मोकळ्या जागेत फूल काढून मागितलं. तिला समजावायला रेघांपेक्षा जास्त वेळ गेला.

आता फोटोचं. तुमच्या पाकिटावर आईंचा फोटो आहे, नावही तुम्ही कंपनीच्या नावावर करून घेतलंय म्हणे. आम्ही भांडू शकलो असतो. बायका भांडायला तयारही होत्या, तुमचे दादा आंघोळीला निघालेच होते. आई म्हणाल्या, "नेलान तर नेऊ दे. पोटचा हाय. फोटो काय चटनी कुटायला बसत नाय."

म्हणून आमच्या पाकिटावर कुणाचंच तोंड नाही. 'नवापूर शेड' एवढंच नाव, पुढे मालाचं नाव, मागे पांढऱ्या चौकोनात आमचा नंबर. हेतलने परवा तो कॉम्प्युटरवर टाकून दाखवला. कंपनीच्या जागी आमच्या गटाचं नाव आलं, गावाच्या जागी नवापूर. अकराजणी एका पडद्यावर वाकल्या. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही, तरी त्या वाचत होत्या. मी तो पडदा हेतलकडून कागदावर छापून घेतला.

एक तारखेला रॅकवर भेटू.

सुलू

&nbsp;

नवापूर
१३ ऑगस्ट

प्रफुल्लभावजी यांस,

एक तारखेला तुमचा टेम्पो माझ्या डोळ्यांदेखत आला. आमच्या खोक्यांची रिक्षा त्याच्या मागे उभी होती. ज्ञानेशने साहेबांच्या सांगण्यावरून तुम्हाला डोळ्यांसमोरच्या तीन फळ्या दिल्या आणि आम्हाला सगळ्यात खालची, गुडघ्याखालची. "काकू, सध्या एवढंच बघा. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर मला तेही काढावं लागंल." आम्ही घेतली. कोळणीला वाकायचं कुणी शिकवावं लागत नाही.

आई हट्टाने सोबत आल्या होत्या. तुमचं चकचकीत पाकीट हातात घेतलं. फोटोत तुम्ही त्यांच्या कानात कुड्या घातल्यात, गाल गुलाबी केलेत. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, आणि ज्ञानेशला विचारलं, "ही कोन रे? आमच्यातली नाय वाटत."

पहिल्या आठवड्यात आमचा मसाला परत आला. स्टिकर पाकिटाच्या शिवणीवर लागलेलं, घडीत रेघा मोडल्या, मशीन वाचेना, काउंटरवरच्या मुलीने बाजूला टाकून दिलं. मसाल्याच्या बाईने स्वतः दुकानात जाऊन जमिनीवर बसून सगळी पाकिटं पुन्हा चिकटवली, गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात होती. हे मी लपवणार होते. पण तुम्हाला ज्ञानेशकडून कळेलच.

पुढचं तुम्हाला कळलेलं आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी चिंचणी, तारापूर, बोईसरकडच्या बायका सणाच्या सामानाला पालघरला आल्या. त्यांनी तुमच्या तीन फळ्यांवर जवळा शोधला, सापडला नाही तेव्हा ज्ञानेशवर ओरडल्या, आणि त्याने खाली बोट दाखवलं. आमची फळी तीन वेळा भरावी लागली. पडद्यावर जवळा जवळा म्हणून दिसला, मांदेली मांदेली म्हणून. बोंबील तुमचाही दिसला. जिथे होता तिथेच दिसला.

मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर तुम्ही हसाल. झाला. पहिल्या दिवशी खूप झाला. मग सपनाचा आईंना फोन आला, ती रडत होती, आणि त्यानंतर तितका उरला नाही. बोंबलाचा साठा पडून आहे, दर्पणशेठ तुमच्याशी बोलत नाहीत, मशीन परत घ्यायला कुणी तयार नाही. मी सहा जुलैला लिहिलं होतं. असं मी आता म्हणणार नाही असं ठरवलं होतं, पण म्हटलं.

काल तुम्ही दादांना फोन केलात. निरोप मिळाला. आमचे पाचही माल तुमच्या कंपनीत घ्यायचे, नंबर तुमच्या नावावर वळवायचे, रॅक एक करायचा आणि मला 'उत्पादन प्रमुख' करायचं. खुर्ची देणार म्हणे. आई म्हणाल्या, "खुर्चीत बसून कुटायचं कसं?"

आता तुम्हाला न कळलेलं सांगते. फोन ठेवायच्या आधी दादा काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही, कारण तुम्ही एकसारखे बोलत होतात. ते म्हणाले, "प्रफुल, ती नंबर विकायची नाय." मग फोन ठेवला आणि आंघोळीला न जाता तिथेच बसून राहिले. मी चहा केला. मला वाटतं, हा माणूस इतकी वर्षं नुसता पाणी ओतत नव्हता.

तरी मी प्रश्न शेडवर ठेवला, कारण नंबर माझ्या एकटीच्या नावावर नाहीत. एकीने विचारलं तुम्ही किती देता. दुसरीने तिला मध्येच थांबवून विचारलं, आपण नाही म्हटलं तर रॅक राहील का? मी म्हटलं, सांगता येत नाही. तो काही अजून गप्प बसलेला नाही, त्याच्याकडे टेम्पो आहे, वकील आहे, उद्या तो जवळाही कुटेल. मला वाटलं, कुणीतरी डगमगेल. मसाल्याची बाई म्हणाली, "कुटू दे. चांगला कुटला तर आमी शिकू, वाईट कुटला तर आमाला बरं." हात वर करायची वेळच आली नाही. सगळ्या परत कामाला लागल्या. तुमच्या प्रस्तावाचं उत्तर तेच.

आईंनी त्या डब्यातून आणखी जवळा पाठवलाय. त्या तुमच्यासाठी अजून ताट काढतात, पण हल्ली कुणाला न सांगता, म्हणून मलाही बघितलं नाही असं करावं लागतं. एखाद्या रविवारी या. दारातून या, पोरांना घेऊन या, मी कोळंबीचं कालवण करीन आणि व्यवसायाचा एक शब्द काढणार नाही. भावजी म्हणून तुमचा मान ठेवीन.

धंद्याचं बोलायचं असेल तर घरी येऊ नका. दुपारी शेडवर या, बाहेर चपला काढा, आणि आत कुणाला विचारायचं असेल तर माझं नाव घेऊ नका. ज्या मालाचं बोलायचं असेल त्या बाईला विचारा. तिला वेळ असला तर ती थांबेल.

सुलू
नवापूर शेड